काउंटरचा आवाज

६ जानेवारी

धाकटे,

अक्षर ओळखून पाकीट फाडायला घेतलं असशील तर जरा थांब. आधी तुझ्या फायद्याचं सांगते, मग माझं रडगाणं. गिऱ्हाईक दारातूनच परत जाऊ नये म्हणून करायची ही जुनी युक्ती आहे, हे तुला सांगायला नकोच.

मेसेजवर तू मला ब्लॉक केलंस, फोनवरही केलंस. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून कुठल्या कंपनीने काढलेली नाही. काढतील. तोवर मी लिहीन.

तर फोन. गेल्या आठवड्यात मोठा कार्यक्रम करून जो नवा फोन बाजारात आणला, त्याच्या कॅमेऱ्याचा सगळीकडे गवगवा चाललाय. कॅमेरा सोड. पाठीवर इतके डोळे काढून बसलेला फोन घ्यायचा आणि त्याने फोटो कशाचा काढायचा, तर गाडी कुठे लावली त्याचा. ते घडीचे फोनही सोड, घडी घालायला घरात कपडे कमी पडलेत का. आणि खोक्यात चार्जर देत नाहीत त्याला 'पृथ्वीची काळजी' म्हणतात, त्यावर मी बोलायला लागले तर पत्र संपणार नाही. पण या फोनात एक खरंच कामाची गोष्ट आहे. समोरचा माणूस कुठूनही बोलत असू दे, त्याच्या मागचा रस्ता, पंखा, कुत्रं, रडणारं मूल, हा सगळा गोंगाट तुझा फोन गाळून टाकतो आणि माणसाचे शब्द तेवढे तुझ्या कानात सोडतो. मी दुकानात करून बघितलं. गोदामवाल्याला मागे मिक्सर चालू करून उभं केलं आणि बोल म्हटलं. मला तो असा ऐकू आला, जसा रिकाम्या वर्गात उभा आहे. जावईबुवा कारखान्यातून त्या यंत्रांच्या गडगडाटात फोन करतात आणि तू अर्धं 'हो हो' करून सोडून देतेस, म्हणून तुझी आठवण झाली. घेऊन टाक. जुना एक्स्चेंजमध्ये दे. ड्रॉवरमध्ये म्हातारे फोन साठवून कुणाचं भलं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता रडगाणं.

गेले काही महिने माझा आवाज बसलाय. मला वाटलं, बडबडून. दुसऱ्या मजल्यावर दिवसभर धुलाई यंत्रांचे गुण गायचे तर घसा बसणारच. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गाठ आहे, आणि ती चांगल्या स्वभावाची नाही. तीन फेब्रुवारीला ऑपरेशन. स्वरयंत्र पूर्ण काढणार. त्यानंतर मी नाकाने नाही, मानेला पाडलेल्या भोकातून श्वास घेणार आणि बोलणार अजिबात नाही. काहींना आत झडप बसवून बोलता येतं म्हणे, पण माझ्या गाठीने जागाच अशी पकडलीय की तेही जमणार नाही. डॉक्टर हे सगळं सांगताना टेबलावरचा पेपरवेट गोल गोल फिरवत होते. मी विचारलं, वॉरंटी किती वर्षांची? ते हसले नाहीत.

धाकटे, मला खूप भीती वाटतेय. मरणाची म्हणशील तर तेवढी नाही. मुकं होण्याची वाटते. मला दुसरं काय येतं?

म्हणून एक मागणं. इस्पितळात एक स्पीच थेरपिस्ट बाई आहेत. त्यांच्याकडे एका कंपनीचं यंत्र आहे, पाटीएवढं. माणसाचा जुना आवाज त्यात घातला की पुढे आपण टाइप करू ते यंत्र आपल्या आवाजात बोलून दाखवतं. एरवी अशी बातमी वाचून मी दात काढले असते. आज त्याच्याकडे आशेने बघतेय. पण माझा आत्ताचा आवाज फाटलेला आहे, त्यांना पूर्वीचा स्वच्छ हवा. आणि पूर्वीची मी फक्त तुझ्या फोनात आहे. मी तुला पाठवलेले ते लांबच लांब व्हॉइस मेसेज. भांडी घासताना झापलेले, हसता हसता खोकला आलेले, 'अगं ए, ऐकतेस का' ने सुरू झालेले. माझ्याकडचे मी आपण भांडलो त्या दिवशी रागाने पुसले. तू पुसले नसशील, तू काहीच पुसत नाहीस. ते पाठव. बोलू नकोस माझ्याशी, नुसते पाठव. मला राहिलेलं आयुष्य घरच्या आवाजात बोलायचं आहे.

ताई


२ फेब्रुवारी

धाकटे,

उद्या ऑपरेशन. तुझं काही आलं नाही. पोस्टाला वेळ लागतो, असं मी मनाला सांगितलं. मनाने ऐकून घेतलं, विकत घेतलं नाही.

इथे घरी, इस्पितळात भरती होण्याआधीची घाई चालू आहे, त्यामुळे बातम्या वाचणं मागे पडलंय. एवढं कळलं की आता फ्रीजलाही बुद्धी आली. दार उघडलं की आत काय संपलंय ते सांगतो. काय संपलंय ते मला फ्रीज न उघडताही सांगता येतं. आणि टीव्हीच्या रिमोटवरची बटणं काढून टाकलीत, आता टीव्हीशी बोलायचं. जगातलं एकेक सामान बोलायला लागलंय, आणि नेमकी मी बंद पडतेय. वेळ साधली म्हणायची.

तर झालं असं. तुझे मेसेज नाहीत म्हटल्यावर थेरपिस्ट बाईंनी विचारलं, दुसरं कुठलं रेकॉर्डिंग? घरातल्या कार्यक्रमांत मी सतत कॅमेऱ्यामागे. शेवटी दुकानाचे मालक म्हणाले, आपल्या घोषणा आहेत की. आहेतच. इतकी वर्षं त्या इमारतीत जिना चढणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर मीच बोलत आलेय. 'आमच्या दालनात आपलं मनःपूर्वक स्वागत आहे. धुलाई यंत्रं दुसऱ्या मजल्यावर पाहायला मिळतील.' मालकांनी सगळा साठा दिला, स्टुडिओत केलेला, काचेसारखा स्वच्छ. बाई हरखल्या. म्हणाल्या, इतका सुंदर आवाज आमच्याकडे आजवर कुणी आणला नाही.

तुला तो आवाज माहीत आहे. त्याला 'काउंटरचा आवाज' हे नाव तूच ठेवलंस, शाळेत असताना. शब्दाशब्दावर साय. घरी मी चुकून त्या आवाजात 'जेवायला ये' म्हटलं तरी तू विचारायचीस, काय बिघडलंय?

यंत्राने एका दुपारीत आवाज तयार केला. बाई म्हणाल्या, काहीतरी टाइप करून बघा. मी टाइप केलं, 'मला भीती वाटते.' यंत्र ते बोललं. असं बोललं, जसं काही भीती तळमजल्यावर सवलतीत मिळतेय. बाईंना रडू आलं, त्यांना वाटलं मीही आनंदाने रडतेय.

आईच्या वेळी मी तुला याच आवाजात सांगितलं होतं, 'अगं काही नाही, साधा खोकला आहे, तू तुझं बाळंतपण सांभाळ.' तुला डॉक्टरांनी पलंगावरून पाय खाली ठेवू नकोस म्हणून बजावलेलं, आणि इथे आईने माझा हात धरून शपथ घातलेली की धाकटीला कळता कामा नये. मी कुणाचं ऐकायला हवं होतं? पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच करीन. हे वाक्य खोडणार होते, राहू दे. आई गेल्यावर तू म्हणालीस, 'ताई, तू मला आई ठणठणीत असल्याचं विकलंस आणि मी घेतलं.' ते माझ्या जिव्हारी लागलं, कारण खरं होतं. नंतर आपण बोललोच नाही.

आज संध्याकाळी आईच्या खोलीत गेले. माझ्या आवाजाचा हा शेवटचा दिवस, काय बोलावं काही सुचेना. माणसाने अशा वेळी काहीतरी मोठं बोलावं. मी तुला हाक मारली. तू खाली खेळायला गेलीस आणि दिवे लागले की मी जिन्यातून ओरडायचे ना, तशी. खरखरीत निघाली, मध्येच फाटली, पण घरची होती. मग तुला फोन लावला. ब्लॉक आहे हे माहीत असून लावला. 'आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती उपलब्ध नाही.' ती बाईही काउंटरच्याच आवाजात बोलते गं.

ताई


५ मार्च

धाकटे,

तू फोन केलास. शनिवारी दुपारी स्क्रीनवर तुझं नाव आलं तेव्हा मी खिडकीपाशी मानेवरचा रुमाल बदलत होते. तो हातातून पडला. जे घडलं ते तुझ्या बाजूने तुला माहीत आहे, आता माझ्या बाजूने सांगते. तू वाचशील का, ते मला माहीत नाही. पत्रं तू उघडत नाहीस, जावईबुवा उघडतात आणि तुला सार सांगतात, हे मला त्याच फोनवर कळलं.

फोन टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी यंत्र. टाइप करायला वेळ लागतो म्हणून बाईंनी त्यात काही वाक्यं बटणावर तयार ठेवलीत. घाईत मी पहिलं दाबलं.

"मी बरी आहे," यंत्र म्हणालं.

तू हळू विचारलंस, "तुझा आवाज जाणार होता ना?"

मी टाइप करायला घेतलं. दर दुसरा शब्द यंत्र आपल्या मनाने बदलत होतं, मी पुसत होते, पुन्हा लिहीत होते. तिकडून तू बोलत राहिलीस. जावईबुवा तुला म्हणाले होते, ताईंचं घशाचं मोठं ऑपरेशन आहे, आवाज कायमचा जाणार. ते ऐकून तू नुसती रडलीस, पोरीला कुशीत घेऊन. त्यांनी नवा फोन आणला, ताईंनीच सुचवला म्हणाले, जुना देऊन टाकला, त्यात माझे सगळे मेसेजही गेले. हे सांगताना तुझा आवाज जरा कापला. मी घाईने दुसरं बटण दाबलं.

"कृपया थोडं थांबा," यंत्र म्हणालं. मिठ्ठास.

"कृपया?" तू म्हणालीस. "मला कृपया?"

मी टाइप करत होते गं. देवाशपथ.

"काही विकायच्या आधी तू अशीच थांबायचीस," तू म्हणालीस. "या खेपेला काय विकतेस, ताई?"

आणि ठेवलास. माझं वाक्य त्यानंतर पूर्ण झालं. यंत्राने ते रिकाम्या खोलीत म्हणून दाखवलं, 'धाकटे, ही मी नाही, यंत्र बोलतंय, माझा आवाज गेला.' इतक्या सुंदर आवाजात, की माझाच विश्वास बसला नसता.

कंपनीच्या माहितीपत्रकावर लिहिलंय, 'खऱ्यात आणि यात फरक ओळखून दाखवा.' अभिनंदन त्यांचं. सख्ख्या बहिणीला ओळखता आला नाही. पुढच्या पत्रकात छापायला हरकत नाही.

समोरच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या फोनवरून तुला समजावून पाहिलं. तू म्हणालीस, हेही ताईनेच पढवलेलं दिसतंय, आणि त्यांनाही ब्लॉक केलंस. जावईबुवांचा नंबर कारखान्याने बदलून दिला तेव्हापासूनचा माझ्याकडे नाही. काकू म्हणतात, मानेचा फोटो काढून पत्रात घाला, इस्पितळाचे कागद जोडा. मी मान हलवून नाही म्हटलं. फोटोचं आजकाल काय, कुणीही बसल्या जागी कसलाही बनवतं, रोज पेपरात येतं. आणि खरं कारण ते नाहीच. बहिणीला पटावं म्हणून मी कागद जोडायचे? मी काय वॉरंटी कार्ड आहे? तुला माझं म्हणणं पटायचं तर ते मी आहे म्हणून पटू दे, नाहीतर राहू दे.

राहू दे, असं लिहिलं खरं. राहवत नाही.

ताई


१४ एप्रिल

धाकटे,

कंपनीचा ईमेल आला. विषय, 'आनंदाची बातमी!' मी इतकी वर्षं दुकानात काढलीत, उद्गारचिन्ह बघूनच ओळखलं, काहीतरी बंद पडतंय. त्यांना एका बड्या कंपनीने विकत घेतलं. 'या नव्या प्रवासात' ते अतिशय उत्साहाने निघालेत. आपल्या सहवासाबद्दल कृतज्ञ आहेत. आणि खाली, बारीक अक्षरात, महिनाअखेरीला जुनी सेवा बंद, साठवलेले आवाज पुसले जातील. नव्या कंपनीला आवाजात रस नाही, माणसं हवी होती, इंजिनिअर. हा अलीकडचा धंदाच झालाय. दुकान विकत घ्यायचं, नोकरांना घेऊन जायचं आणि काउंटरवर उभ्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर शटर ओढायचं.

बाईंनी फोन केले, पत्रं लिहिली. यंत्र माझं, पण आवाज त्यांच्या सर्व्हरवर, आणि सर्व्हर म्हणजे काय तर दुसऱ्याचं घर. आपल्या भाषेत हे करणारी दुसरी कंपनी नाही, आपण गिऱ्हाईक म्हणून मोजण्याइतके नाही. तयार आवाज मिळेल म्हणाल्या, एक पुरुषाचा आणि एक बाईचा. बाईचा मी ऐकला. बँकेतून फोन येतो ना, तीच. मी पाटी आणि खडू मागितला.

कुणी वस्तू विकताना 'आयुष्यभर' म्हटलं की मी विचारायचे, कुणाच्या? त्यांच्या की माझ्या? गिऱ्हाइकं हसायची. यंत्र घेताना हा प्रश्न मी विचारला नाही. माणूस घाबरला की तोही गिऱ्हाइकच होतो.

खरं सांगू? तो आवाज जातोय याचं मला अर्धं बरंच वाटतंय. त्या आवाजाने तुझ्याशी बोलायची माझी हिंमतच उरलेली नाही. तो काहीही बोलला तरी तुला तो खोकलाच ऐकू येणार. साधा खोकला, काळजीचं कारण नाही.

म्हणून मी वेगळंच ठरवलंय, ते ऐक. एकदा फोन कर. मी यंत्र बंद ठेवीन. तू हॅलो म्हटलंस की मी फोन मानेशी धरीन, भोकापाशी. तिथून श्वास ऐकू येतो. आत जाताना सू करतो, बाहेर येताना घरघरतो, रात्री मलाच त्याची सोबत वाटते. शेजारच्या खोलीत काकू बसल्या असतील तर त्यांनाही ऐकू जातो. सुंदर मुळीच नाही. पण हा आवाज मला कुणाला काही विकताना कधी काढता आला नसता आणि गोडही करता येत नाही. माझ्यात आता खरं बोलणारं तेवढंच उरलंय. तू ऐक, वाटलं तर तू बोल, वाटलं तर तूही नुसती गप्प बस. लहानपणी एका पांघरुणात भांडून झोपायचो तेव्हा, आपण न बोलता एकमेकींचा श्वास ऐकूनच ओळखायचो, कोण जागी आहे आणि कोण रडतेय.

माझ्या फोनात गोंगाट गाळायची सोय होती, ती मी आजच बंद करून टाकली. म्हणजे श्वास आहे तसा निघेल. काकूंना खालून फोन करायला लावून तपासलंय, स्वच्छ ऐकू येतो म्हणाल्या. जरा घाबरल्या, पण ऐकू येतो.

जावईबुवा, हे पत्र तुम्ही वाचत असाल तर कृपा करा, सार सांगू नका. पत्रच तिच्या हातात द्या.

ताई


११ मे

धाकटे,

काल तू फोन केलास आणि आज मी हे लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

मी एकटीच होते. काकू बाजारात. यंत्र तर महिनाअखेरीपासून मुकंच आहे, आता त्यावर मी किराण्याची यादी लिहिते. फोन वाजला, उचलला, मानेशी धरला, आणि स्पीकर चालू केला म्हणजे मला तू ऐकू येशील. इतकी तयारी मी आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकासाठी केली नाही.

"ताई," तू म्हणालीस. "पत्रं वाचली. सगळी वाचली, एका बैठकीत. मी चुकले गं."

मी श्वास घेतला. सोडला. तू थांबलीस. मी पुन्हा घेतला, मोठा, मुद्दाम, भोकातून शिटी निघेल असा. खोलीभर ऐकू येत होता. मी रडत होते, त्यामुळे तो आणखी घरघरत होता. मला वाटलं, आता तुला सगळं कळलं. धाकटे, त्या वेळी मी जितकी सुखी होते तितकी आई गेल्यापासून कधी नव्हते.

मग तू म्हणालीस, "ताई? आहेस का?"

मी फोन आणखी दाबून धरला.

"काहीच ऐकू येत नाहीय. अगदी काहीच नाही. तू म्हणालीस श्वास ऐकू येईल."

मी फोनवर बोटाने टकटक केली. टेबलावर केली. डबा आपटला. काचेचा पेला घेतला आणि चमच्याने वाजवला.

"फोन उचलून बाजूला ठेवलास का?" तू विचारलंस. तुझा आवाज बदलला होता, लहान झाला होता. "शिक्षा करतेयस मला? कर. माझी चूक होती, कर शिक्षा." मग बराच वेळ तू थांबलीस. मी तुझा श्वास ऐकत होते. माझा जुना फोन काही गाळत नाही, त्यामुळे तुझा एकेक हुंदका मला ऐकू आला. तिकडे पोर 'आई' म्हणून हाक मारत होती, तीही ऐकू आली. किती मोठी झाली गं.

"बरं, ताई," तू म्हणालीस. "समजले. आता फोन नको. पत्रंही नकोत. नाही झेपत मला."

फोन ठेवल्यावर मी तशीच बसले, मानेशी फोन धरून. आणि मग मला कळलं. धाकटे, माझा फोन गाळत नाही, तुझा गाळतो. समोरच्या माणसाच्या मागचा पंखा, रस्ता, टकटक, भांडी, जे जे शब्द नाही ते ते सगळं. त्याच्या हिशेबी मी गोंगाट आहे. मीच तुला तो घ्यायला लावला. गोदामवाल्याला मिक्सर लावून उभं केलं आणि खूश होऊन तुला लिहिलं. मी आयुष्यभर ज्या ज्या वस्तू विकल्या, त्यातली हीच एक पूर्ण चोख निघाली.

परवा डॉक्टरांकडे जाऊन आले. पुन्हा काहीतरी दिसतंय म्हणाले, खाली, छातीकडे. पेपरवेट फिरवत होते. मी पाटीवर काही लिहिलं नाही.

तू पत्रं नकोत म्हणालीस, म्हणून हे पाठवत नाही. तू उघडणार नाहीस. पाकीट नसलेलं काहीतरी पाठवते, म्हणजे उचलून टाकताना तरी नजर पडेल.

ताई


१२ मे
(पोस्टकार्ड, मोठ्या अक्षरात)

धाकटे, मी फोन बाजूला ठेवला नव्हता. मी श्वास घेत होते. तुझ्या फोनाने गाळला.

सेटिंगमध्ये जा. 'कॉल' उघड. खाली 'समोरचा आवाज स्वच्छ करा' असेल. समोरची खूण काढून टाक. मग फोन कर.

आज पेपरात आलंय की पुढच्या अपडेटपासून ती सोय कायमची चालू राहणार, बंद करायचं बटण काढून टाकलंय. लोकांना फार आवडली म्हणे. अपडेट या आठवड्यात येतंय आणि फोन ते आपला आपण करून घेतो. कार्ड तुझ्याकडे त्याआधी पोचणार नाही, हे मला माहीत आहे.

बटण नसेल तर कुणाकडे जुना फोन आहे का बघ. कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये पडलेला असेल. त्याबद्दल मी जे म्हटलं होतं ते ऐकू नकोस. त्यावरून मी ऐकू येईन.

लवकर कर.

ताई